स्पेक्ट्रम नव्या टीव्हीला जोडताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला फोटो पाठवतं. माळ्यावरून काढलेला झेडएक्स स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला, टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक), मागे पन्नास इंची टीव्ही आणि खाली प्रश्न, "दादा, चित्र का येत नाही?" तोवर केबल आणि डब्यांवर हजारेक रुपये उडालेले असतात. पण खरा घात बहुधा केबलने नाही, अ‍ॅडाप्टरने केलेला असतो.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, मात्र पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन. राउटरच्या अ‍ॅडाप्टरला सहसा नेमकं उलटं. पिन मात्र चपखल बसते! माझ्या मावसभावाला हेच नडलं. त्याच्या काकांनी लंडनहून आणलेला ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा स्पेक्ट्रम. मी "रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस" म्हणालो होतो. पण साहेबांना शनिवारीच गेम खेळायचा होता. राउटरचा अ‍ॅडाप्टर लावला, काहीच झालं नाही. मग कपाटात मूळ अ‍ॅडाप्टर सापडला, तो लावला, तर पडद्यावर उभ्या रंगीत पट्ट्या. टीव्हीचा दोष समजून पठ्ठ्याने दोन कन्व्हर्टर मागवले. रविवारी मी उघडून पाहिलं तर उणे ५ व्होल्ट गायब, ते बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर जळालेला आणि ४११६ रॅमच्या (मेमरीच्या) आठपैकी पाच चिप्स गेलेल्या. या चिप्सना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गेलं की त्या तापतात आणि मरतात. पट्ट्या दिसतायत म्हणजे चित्र टीव्हीपर्यंत पोचतंय, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

माझी सवय अशी: मल्टिमीटर लावल्याशिवाय पिन मशीनजवळ नेतच नाही. मूळ अ‍ॅडाप्टर लोड नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो, त्याला घाबरू नका. गिटार पेडलच्या अ‍ॅडाप्टरचे धन-ऋण सहसा बरोबर असतात, पण अँपिअर बघा. मूळ अ‍ॅडाप्टर १.४ अँपिअरचा आहे. आणि स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही, म्हणून मागच्या कनेक्टरला जॉयस्टिक इंटरफेस वगैरे लावताना आधी वीज काढा. चालू मशीनला काही लावलं तरीही टीआर४ जातो.

आता टीव्हीकडे. अँटेनाच्या सॉकेटमधून लावणार असाल तर मशीन चालू ठेवूनच चॅनल शोधा. बंद मशीनवर ऑटोट्यून करून "सापडत नाही" म्हणणारे मला भेटलेत. सिग्नल यूएचएफ ३६ च्या आसपास असतो. टीव्हीत अ‍ॅनलॉग ट्यूनरच नसेल, तर रात्रभर शोधलंत तरी काही मिळणार नाही.

त्यापेक्षा कंपोझिट करून घ्या, म्हणजे चित्र चॅनलवर न शोधता थेट टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटमध्ये जाईल. मॉड्युलेटरच्या (चित्राचा चॅनल-सिग्नल बनवणाऱ्या आतल्या पत्र्याच्या डबीच्या) दोन तारा सोडवायच्या, आतून सॉकेटला येणारा रेझिस्टर मोकळा करायचा आणि व्हिडिओची तार थेट सॉकेटला जोडायची. काही टीव्हींना मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो. मॉड्युलेटरचा डबाच कापून फेकणाऱ्यांशी मी बोलत नाही. उद्या कुणाला मशीन मूळ रूपात हवं असेल तर?

चित्र काळं-पांढरं येतंय? काही टीव्हींवर पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते, पण सेटिंग कंपोनंटवर (तीन तारांच्या व्हिडिओवर) राहिलं की रंग जातात. आधी इनपुट बदला, मग रडा.

कन्व्हर्टर घेताना बाण बघा. एव्हीकडून (म्हणजे कंपोझिटकडून) एचडीएमआयकडे जाणारा हवा. उलट दिशेचा डबा दिसायला अगदी तसाच असतो. त्याला यूएसबीची वीज द्यायलाही लोक विसरतात.

नुसती व्हीजीए केबल बनवून मॉनिटर लावू नका. स्पेक्ट्रमच्या चित्राच्या ओळी साधारण १५.६ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,६०० येतात, मॉनिटर सहसा ३१ किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होतो.

आणि पडदा ४:३ वर ठेवा. १६:९ ला ताणल्यावर ते छोटे माणूसपुतळे लग्नाच्या पंगतीतून नुकतेच उठल्यासारखे दिसतात.