आपल्या महाविद्यालयाचा पैसा कोण देते, हे कसे शोधावे

शिष्यवृत्ती अडकली, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या किंवा प्रयोगशाळेचे छत गळू लागले, की आपण निवेदन लिहितो. परंतु ज्याच्याकडे त्या खर्चाची जबाबदारीच नाही त्याच्या दारात दिलेले निवेदन नुसते पडून राहते. म्हणून आधी पैशाचा धनी शोधावा.

प्रथम संस्था कोणाची आहे ते पाहावे. पवईची आयआयटी किंवा वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय केंद्राच्या निधीवर चालते. मुंबई, पुणे, शिवाजी ही विद्यापीठे राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली येतात. मुंबईत केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांशी जोडलेली वैद्यकीय महाविद्यालये महापालिकेची आहेत, त्यामुळे तेथील गळक्या छताची तक्रार महापालिकेकडेच करावी.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतील अशा विषयांच्या यादीत गेले, म्हणून पैसाही केंद्रच देत असेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे असला, तरी अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांचा पगार राज्य देते. सहाव्या वेतन आयोगाच्या वाढीव बोजाचा ८० टक्के वाटा केंद्राने मार्च २०१० पर्यंत, तर सातव्याचा ५० टक्के वाटा मार्च २०१९ पर्यंत उचलला. पुढचा सगळा भार राज्याच्या तिजोरीवर आला. वेतनश्रेणी एकाने ठरवावी आणि ती दुसऱ्याने कायमची पेलावी, ही रचना मला अन्यायकारक वाटते, कारण तिची झळ शेवटी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षकाला आणि त्याच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला लागते.

यानंतर शुल्काची पावती हातात घ्यावी. एकाच इमारतीत बी.कॉम. अनुदानित आणि बीएमएस विनाअनुदानित असू शकते, त्यामुळे महाविद्यालयाचे नाव पुरेसे नसते; आपला अभ्यासक्रम आणि आपली तुकडी कोणत्या वर्गात मोडते, हे कार्यालयात विचारून घ्यावे. अनुदानित असेल तर रिक्त पदांबाबत विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे जावे. विनाअनुदानित असेल तर जाब संस्थाचालकांना विचारावा.

शिष्यवृत्तीचा मार्ग वेगळा आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असून, राज्याने आपला हिस्सा दिल्यावरच केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे पासबुक उघडून कोणता हिस्सा आला नाही ते आधी पाहावे, आणि राज्याचाच आला नसेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्जाच्या प्रतीसह जावे.

तरीही उत्तर मिळाले नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. "निधी का नाही?" असे मोघम विचारू नये, "या विषयाची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिक्त पदे भरण्याची परवानगी शेवटची कोणत्या तारखेला मागितली, त्या पत्राची प्रत द्यावी" असे लिहावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.