नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोट : हुर्टिगरुटेन घ्यावी की हाविला?

नात्यातलं कोणी नॉर्वेला निघालं की मला फोन येतो. "काका, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहराहून उत्तरेला जाणाऱ्या दोन बोट कंपन्या दिसतात. एक जुनी हुर्टिगरुटेन, एक नवी हाविला. कुठली घेऊ?" माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, शेवटी चीफ इंजिनियर म्हणून. निवृत्तीनंतर बायकोबरोबर याच किनाऱ्यावर दोन्ही कंपन्यांच्या बोटींतून प्रवासी म्हणून फिरलो. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत असतो ते इथे सलग लिहितो.

आधी ही बोट कशासाठी चालते ते समजून घ्या, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. २ जुलै १८९३ ला रिचर्ड विथ या कप्तानाची 'वेस्टेरोलेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली. टपाल, माल आणि माणसं वर्षभर, रात्रीसुद्धा, खडकाळ किनाऱ्याने नेण्याची ही सोय होती. आज तोच मार्ग बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जातो, वाटेत ३४ बंदरं घेतो, आणि जाऊन-येऊन बारा दिवसांचा होतो. बोट रोज सुटते, हिवाळ्यातही. नॉर्वेचं सरकार त्यासाठी कंपन्यांशी करार करून पैसे देतं. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, मालवण करत पणजीला जाणारी बोट होती, तिचीच ही जात. फरक इतकाच की इथे पडावात उतरावं लागत नाही आणि पावसाळ्यात सेवा बंद होत नाही.

हे काम बराच काळ एकट्या हुर्टिगरुटेनकडे होतं. २०२१ पासून सरकारने करार विभागला: सात बोटी हुर्टिगरुटेनच्या, चार हाविलाच्या. त्यामुळे बंदरं तीच, सुटण्याच्या वेळा त्याच, डोंगर आणि फियॉर्डही, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटेही, तेच. माहितीपत्रकातले फोटो शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, दोघांनी एकाच किनाऱ्याचे फोटो छापलेत. कॅसिनो, मोठं नाट्यगृह, मुलांसाठी पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतील तर दोन्ही बोटी सोडून द्या आणि सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज घ्या, घरातली मुलं खूश राहतील. इथे करमणूक म्हणजे डेकवर उभं राहणं, बंदरात फोर्कलिफ्टने माल चढता-उतरताना पाहणं, आणि पुढच्या गावी नातेवाइकांकडे निघालेल्या नॉर्वेजियन आजींशी गप्पा मारणं. मला यापेक्षा चांगली सुट्टी माहीत नाही.

आता निवडीकडे. अकरा बोटी एकाच वर्तुळात फिरतात. प्रत्येक बोट बर्गनहून निघाली की अकरा दिवसांनी, म्हणजे फेरीच्या बाराव्या दिवशी, पुन्हा तिथूनच सुटते. म्हणजे तुमची तारीख ठरली की कंपनीही बहुतेक ठरलीच. अकरातल्या चार संध्याकाळी हाविला, बाकी सात संध्याकाळी हुर्टिगरुटेन. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो: आधी मोसम, मग त्या आठवड्यात सुटणाऱ्या बोटींची नावं, मग केबिन, आणि कंपनी सगळ्यात शेवटी.

मोसमाचं थोडक्यात. अरोरा, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, पाहायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते मार्च. त्यातही नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेतल्या ट्रॉम्सो शहरात सूर्य उगवतच नाही, दुपारी काही वेळ निळसर उजेड असतो. ज्यांना अंधाराने उदास वाटतं त्यांनी फेब्रुवारी-मार्च धरावा: बर्फ असतो, दिवस असतो आणि रात्री पुरेशा काळ्याही असतात. मध्यरात्रीचा सूर्य नॉर्थ केप या उत्तरेकडच्या टोकाला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. गायरांगर फियॉर्डचा फाटा बोट फक्त उन्हाळ्यात घेते. बारा दिवसांच्या पूर्ण हिवाळी फेरीत अरोरा दिसला नाही तर पुढे एक छोटी सफर मोफत, अशी हमी हुर्टिगरुटेन देते. हमीच्या तारखा आणि अटी बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. अर्धी फेरी करणाऱ्याला ती सहसा लागू नसते.

बोटींची नावं बघायची म्हणजे काय बघायचं? बांधणीचं वर्ष. हाविलाच्या चारही बोटी तुर्कस्तानातल्या तर्सान गोदीत बांधलेल्या नव्या बोटी आहेत: कापेला २०२१ च्या शेवटी आली, कास्टोर २०२२ मध्ये, पोलारिस आणि पोलुक्स २०२३ मध्ये. हुर्टिगरुटेनच्या ताफ्याचा कणा नव्वदच्या दशकातला आहे: कोंग हाराल्ड आणि रिचर्ड विथ १९९३ च्या, नूर्डलिस १९९४ ची, नूर्डकाप, पोलारलिस, नूर्डनोर्गे त्यानंतरच्या. वेस्टेरोलेन नावाचीच आजची बोट १९८३ ची आहे आणि सगळ्यांत लहान. या बोटींची आतून वेळोवेळी दुरुस्ती आणि सजावट झाली आहे. तीस वर्षांची बोट म्हणून कोणी घाबरू नये. नीट देखभाल केलेलं तीस वर्षांचं इंजिन मी जास्त भरवशाचं मानतो, त्याच्या खोडी तिथल्या लोकांना पाठ झालेल्या असतात.

मात्र इंजिनरूमच्या माणसाला हाविलात जे आवडतं ते सांगितलंच पाहिजे. मुख्य इंधन द्रवरूप नैसर्गिक वायू, आणि सोबत ६.१ मेगावॅट-तासांची बॅटरी. फियॉर्डमध्ये शिरल्यावर इंजिनं बंद करून निव्वळ बॅटरीवर चार तासांपर्यंत जाता येतं. पायाखालची थरथर नाहीशी होते आणि डोंगरावरून पडणारं पाणी ऐकू येतं. ज्याने आयुष्यभर कानात बोळे घालून काम केलं त्याला या शांततेची किंमत कळते. वायूवर चालणारं इंजिन म्हणजे प्रदूषण शून्य असं मात्र नाही. न जळलेला थोडा मिथेन बाहेर जातोच. हुर्टिगरुटेननेही रिचर्ड विथसारख्या जुन्या बोटींवर बॅटऱ्या बसवून इंधन कमी केलं आहे. पर्यावरण हा तुमचा पहिला निकष असेल तर हाविला पुढे आहे, हे मी बिनदिक्कत सांगतो.

"नवी बोट कमी हलेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. हाविलाच्या बोटी आणि नव्वदच्या दशकातल्या हुर्टिगरुटेनच्या बोटी, दोन्ही साधारण १२० ते १२५ मीटर लांबीच्या. लाट दोघींना सारखीच लागणार, लहानग्या वेस्टेरोलेनला थोडी जास्त. बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण काही पट्टे उघडे आहेत: स्टाडचं टोक, हुस्टाडविका, फोल्डा, लोफोटेनच्या आधीचा व्हेस्टफियॉर्ड, आणि उत्तरेत लोप्पा व वार्दोच्या बाजूचा समुद्र. स्टाडला समुद्र इतका बेभरवशाचा आहे की डोंगरातून जहाजांसाठी बोगदा काढायची योजना तिथे वर्षानुवर्षं चर्चेत आहे. हुस्टाडविकाला मार्च २०१९ च्या वादळात 'वायकिंग स्काय' या मोठ्या प्रवासी जहाजाची इंजिनं बंद पडली होती. टाक्यांमध्ये वंगणतेलाची पातळी कमी होती, जहाज हेलकावायला लागल्यावर जनरेटर थांबले. किनाऱ्यावरची ही बोट वादळात बंदर वगळते किंवा थांबून राहते, आणि ते बरोबरच आहे. अशा दिवशी एखादं गाव हुकलं म्हणून कप्तानाशी कोणी भांडू नये. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळावं, कंपनी कुठलीही असो.

केबिन निवडताना मात्र खूप वेळ घालवा. पैसे इथेच वाया जातात किंवा सार्थकी लागतात. ही बोट दिवसरात्र बंदरं घेते, रात्री दोनलासुद्धा. प्रत्येक धक्क्याला लागताना पुढच्या टोकाजवळचे थ्रस्टर, म्हणजे बोट आडवी ढकलणारे पंखे, चालू होतात. खालच्या डेकवर अगदी पुढची केबिन घेतली तर प्रत्येक बंदराला झोपमोड ठरलेली. अगदी मागे इंजिनाची आणि प्रॉपेलरची थरथर. मधल्या भागातली, मधल्या डेकवरची केबिन घ्या, हलणंही तिथे सगळ्यात कमी. बुकिंग करताना डेकचा नकाशा मागवा आणि केबिनचा क्रमांक त्यावर बोट ठेवून पाहा. "समुद्राच्या बाजूची खोली" एवढ्यावर समाधान मानू नका. जुन्या बोटींवर काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, तर काही खिडक्यांसमोरून डेकवर फिरणाऱ्यांची ये-जा असते आणि पडदा ओढूनच बसावं लागतं. तळाच्या गोल खिडक्या खराब हवेत लोखंडी झाकणं लावून बंद करतात. हाविलाच्या खोल्या एकंदरीत ऐसपैस आणि न्हाणीघरं नवी. गुडघे दुखणाऱ्या, कंबर धरणाऱ्या मंडळींसाठी एवढ्या कारणावरही मी हाविला सुचवतो. बिनखिडकीची खोली फक्त उन्हाळ्यात आणि बजेट आवळलेलं असेल तरच. चोवीस तास उजेड असताना अंधारी खोली झोपेला बरी वाटते, हिवाळ्यात तीच गुदमरवते.

जेवण हा आपल्या लोकांचा खरा कळीचा मुद्दा, आणि दोन कंपन्यांमधला खरा फरकही इथेच आहे. हुर्टिगरुटेनवर सकाळी आणि दुपारी सहसा बुफे, रात्री ठरलेला तीन टप्प्यांचा मेनू. हाविलावर बुफे नाही. टेबलावर बसून छोटे छोटे पदार्थ मागवायचे, हवं तर आणखी मागवायचे, अन्न वाया जाऊ नये हा हेतू. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला दोन्हीकडे चैन आहे: कॉड, सामन, उत्तरेला खेकडा. माझी बायको शाकाहारी. तिला बुफे सोयीचा वाटतो, कारण काय आहे ते डोळ्यांनी दिसतं आणि ब्रेड, बटाटा, सॅलड, चीज, फळं यांतून पोट भरतं. मला हाविलाची पद्धत आवडते, गरम पदार्थ ताटात येतो. शाकाहारी पाहुणे दोन्हीकडे चालतात, फक्त बुकिंगच्या वेळीच कळवा आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका. मासा नको, माशाच्या पाण्यात केलेलं सूप नको, अंडं चालतं की नाही, हे एकेक स्पष्ट लिहा. कडक जैन पथ्य बारा दिवस सांभाळणं अवघड आहे, कांदा-बटाट्याशिवाय तिथलं शाकाहारी ताट उभंच राहत नाही.

सोबत खाकरा, चटण्या, भाजके पोहे, गरम पाणी ओतून होणारा उपमा न्यावा. तूप, पेढे, खवा नेऊ नका: भारतातून दूध-मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून नॉर्वेत नेता येत नाहीत. आणि कळकळीची विनंती, केबिनमध्ये स्वतःची इलेक्ट्रिक केटली, कॉइल किंवा राइस कुकर लावू नका. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, ती आम्हालाच विझवावी लागते. गरम पाणी रेस्टॉरंटमध्ये मागितलं की मिळतं.

बारा दिवस जमत नसतील तर? अर्धी फेरी करा, पण दिशा विचारपूर्वक. वर जाताना ट्रॉम्सो दुपारी लागतं आणि होनिंग्सवोगला उतरून ७१ अंशांवरच्या नॉर्थ केपला जायला वेळ मिळतो. खाली येताना वेस्टेरोलेनची बेटं आणि राफ्टसुंड ही अरुंद सामुद्रधुनी दिवसाउजेडी दिसतात. शिवाय स्टोकमार्कनेसला १९५६ ची 'फिनमार्केन' ही अख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवली आहे, ती पाहता येते. वर जाताना हेच गाव मध्यरात्रीनंतर लागतं. उन्हाळ्यात मी वर जाणारी बाजू घेईन, मार्चमध्ये खाली येणारी.

आणि ज्याला पूर्ण फेरी करायची आहे पण कंपनीचा निर्णयच होत नाही, त्याने दोन्ही घ्याव्यात. ही सोय फार कमी लोकांच्या लक्षात येते. बोट रोज असल्यामुळे एका कंपनीने किर्केनेसला जा, तिथे एक-दोन रात्री राहा, आणि दुसऱ्या कंपनीच्या बोटीने परत या. एकेरी तिकिटं मिळतात. परतीला कुठली बोट कधी लागते ते दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून जुळवा, दोन-तीन दिवस मागे-पुढे करावं लागेल. वर जाताना हाविला आणि येताना नव्वदच्या दशकातली एखादी हुर्टिगरुटेन, हा क्रम मी सुचवेन. लाकडी कठडे, पितळेच्या मुठी, चित्रं लावलेले जिने, असं जुन्या बोटीचं घरपण परतीच्या संथ दिवसांत जास्त भावतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, लागतो, आणि बहुतेक दिवस नॉर्वेत जाणार असल्यामुळे अर्ज नॉर्वेकडेच करायचा. सहा महिने आधी अर्ज स्वीकारतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो घेताना बोटीवरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते विचारून घ्या. बर्गनला बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचा. सामान उशिरा आलं किंवा विमान चुकलं तरी ही बोट कुणासाठी थांबत नाही.