कोंबडीचं अंडं अडलंय? घरच्या उपचारात या चुका टाळा

सकाळपासून तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी, खुराड्यात आत-बाहेर करतेय, शेपूट पाडून उभी राहतेय, कुंथतेय, पण अंडं काही येत नाही. अशा वेळी घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "धर तिला, पोट दाबून बघू." जीव जातो तो इथेच. दाबल्याने अंडं आतच फुटतं, कवचाचे तुकडे अंडनलिका चिरतात आणि बलक पोटात उतरला की जंतुसंसर्ग होतो. माझी एक गावरान तलंग अशीच गेली. तेव्हापासून मी कोणालाही पोट दाबू देत नाही.

आधी ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना, ते पाहा. खुडूक कोंबडी पिसं फुगवून बसते, हात नेला की चोच मारते आणि उठवली तर नीट चालते. अंडं अडलेली मात्र मलूल असते, पाय फाकवून चालते, दाणा टाकला तरी बघत नाही. तिला खुडूक समजून दोन दिवस तसंच ठेवलं तर फार उशीर होतो.

खरा उपाय म्हणजे ऊब. घमेल्यात 38 ते 40 अंश कोमट पाणी घ्या, पोट बुडेल इतपत, आणि तिला वीसेक मिनिटं हळुवार धरून बसवा. कढत पाणी नको. कोंबडीचं स्वतःचंच अंग 41 अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे हाताला नुसतं कोमट लागलं तरी पुरे. नंतर तिला ओलीच सोडू नका. टॉवेलने नीट कोरडी करा, गुदद्वाराला खोबरेल तेल लावा आणि उबदार, अंधाऱ्या जागी डालग्याखाली एकटी ठेवा. सारखं डालगं उचलून बघू नका. भेदरलेली कोंबडी अंडं धरून ठेवते.

चोच उघडून हळदीचं पाणी किंवा तेल ओतणंही टाळा, ते श्वासनलिकेत जातं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकने अडलेलं अंडं बाहेर येत नाही.

मूळ दुखणं बहुतेकदा खाण्यात असतं. एका कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शिअम लागतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच हवं असतं. नुसत्या कणी-ज्वारीवर ते भागत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. गरजेपुरता ती स्वतः खाते. पिलांच्या खाद्यात मात्र तो मिसळू नका, जास्तीच्या कॅल्शिअमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

दोनदा कोमट पाण्यात बसवूनही दुसऱ्या सकाळपर्यंत अंडं आलं नाही, तर तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. रक्त दिसलं किंवा लाल मांसल भाग बाहेर आला, तर सकाळची वाट बघू नका. तो भाग स्वच्छ ओल्या फडक्याने झाका आणि तिला लगेच वेगळी करा, कारण बाकीच्या कोंबड्या त्यावर चोची मारतात.