चीनमध्ये सकाळची कॉफी: पैशांची सोय आधी, कप नंतर

"चीनमध्ये सगळे चहाच पितात, कॉफीचं विसरा," हा सल्ला फार जुना झाला. शांघाय, बीजिंग, ग्वांगझूसारख्या शहरांत मेट्रोतून वर आलात की हरणाचं चिन्ह असलेलं लकिन कॉफीचं निळं दुकान जवळपास सापडतंच. दक्षिणेकडच्या युन्नान प्रांतात तर कॉफी पिकते. कॉफी मिळते. अडतं ते तिचे पैसे देताना, म्हणून सुरुवात तिथून करायची, आणि तीही भारतातूनच.

फोनवर अलिपे हे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप घ्या. वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपनेही पैसे देता येतात, पण नवं खातं उघडताना ते कधीकधी जुन्या वापरकर्त्याची खात्री मागतं आणि तिथेच गाडं अडतं. अलिपेला आपला +91 नंबर चालतो. पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच आणि त्याच क्रमाने भरा. पासपोर्टवर तुमच्या नावातच वडिलांचं नाव आहे आणि तुम्ही ते गाळलंत, तर पडताळणी फसू शकते. मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. आपलं यूपीआय तिथल्या दुकानांत चालेल, अशी आशा धरू नका.

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात: कार्ड जोडलं गेलं म्हणजे ते चालेलच असं नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' हे दोन्ही व्यवहार चालू करावे लागतात. तरीही चीनमधला पहिला व्यवहार संशयास्पद वाटून बँक तो रोखू शकते आणि ओटीपी किंवा मंजुरी मागते. तो ओटीपी भारतीय सिमवर येतो. म्हणून "तिकडे उतरल्यावर लोकल सिम घ्या आणि आपलं काढून ठेवा" हे अजिबात ऐकू नका. आपलं सिम रोमिंगसह फोनमध्येच राहू द्या. त्या रोमिंगच्या डेटावर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅपही सहसा चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. विमानतळावरच पाण्याची बाटली घेऊन पहिला व्यवहार करून बघा. काही अडलं तर तिथेच बँकेला फोन करता येतो. सकाळी आठ वाजता, मागे ऑफिसला निघालेल्यांची रांग असताना, ते जमत नाही.

दुकानात पैसे देण्याच्या दोन रीती आहेत. ठेल्यावर क्यूआर लावलेला असतो: तो स्कॅन करायचा, रक्कम आपण टाकायची आणि विक्रेत्याला स्क्रीन दाखवायची. मोठ्या दुकानात उलटं: आपल्या अ‍ॅपमधला पैसे देण्याचा कोड उघडायचा, तो ते स्कॅन करतात. कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे आधी स्क्रीनशॉट काढून ठेवण्याचा उपयोग नाही. 200 युआनपर्यंतच्या व्यवहारावर अलिपे परदेशी कार्डाला शुल्क लावत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर 3 टक्के लावतं. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

लकिनमध्ये काउंटरवर मागणी द्यायला गेलात तर बहुतेक वेळा क्यूआरकडे बोट दाखवतील. अलिपेमध्येच त्यांचं छोटं अ‍ॅप उघडतं. तिथे सगळ्यात आधी शाखेचं नाव बघा. ठिकाण चुकलं तर कॉफी दोन चौक पलीकडच्या दुकानात तयार होते आणि पैसे कापलेले असतात. मग गरम की बर्फाची ते निवडा, कारण अनेक पेयं मुळातच बर्फासह येतात. साखर 'न घालता' निवडा. फोनवर आलेला नंबर पुकारला की कप उचला. नारळाच्या दुधाची लाते 2021 पासून तिथे फार खपते, एकदा घेऊन बघाच.

दूध उकळलेलं नसतं, जेमतेम 60-65 अंशांचं असतं. आपल्याकडच्या वाफाळत्या कॉफीची सवय असेल तर ती कोमट वाटेल. शिवाय लहान स्वतंत्र कॅफे अनेकदा उशिराच उघडतात. सहा वाजताच कॉफी लागत असेल तर खोलीतली किटली आणि घरून नेलेली इन्स्टंट पावडर हाच भरवशाचा उपाय: 150 मिली पाण्याला एक सपाट चहाचा चमचा. तिथल्या दुकानांतल्या 'तीन एकात' पुड्यांमध्ये साखर आणि दुधाची भुकटी आधीच असते. नळाचं पाणी न उकळता पिऊ नका. स्टेशनांवर आणि गाडीच्या डब्यात गरम पाण्याचा नळ असतो, थर्मास जवळ ठेवा.

कॉफीबरोबर खायला पहाटेपासून सोयाबीनचं दूध, तेलात तळलेलं लांबट यौथ्याव आणि वाफेवरचे पाव मिळतात. पावात डुकराचं मांस असू शकतं. शाकाहारी असाल तर अनुवादाच्या अ‍ॅपवर वाक्य लिहून दाखवा, मान डोलावण्यावर विसंबू नका. साध्या खानावळीत बसल्यावर न मागता गरम पाणी किंवा चहा पुढे येतो. टीप ठेवायची पद्धत नाही. ठेवलीत तर विसरलेले पैसे परत द्यायला मागे धावत येतील.

फोन संपला की पाकीट संपलं. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 3सी ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या पॉवरबँकवर ती सहसा नसते. कॅफेत आणि मॉलमध्ये अलिपेने भाड्याची पॉवरबँक मिळते. पण ती काढण्यासाठीही फोन चालू लागतो, म्हणून चार्ज 20 टक्क्यांवर आला की लगेच घ्या.