मांजर मशीनमध्ये किंवा बंद जागेत अडकू नये म्हणून या चुका टाळा

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे दार उघडे ठेवावे, म्हणजे रबराला बुरशी धरत नाही, हा सल्ला योग्यच आहे. मात्र मांजर असलेल्या घरात तो अपुरा पडतो. अर्धे कपडे भरून मध्येच उठून जाणे ही मी सर्वाधिक घरांत पाहिलेली चूक आहे आणि ती मीही केली आहे. टॉवेल भरता भरता कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, परत येऊन उरलेल्या चादरी वरून कोंबल्या आणि बटण दाबले. ड्रमने पहिला फेरा घेतला तेव्हा काचेला चिकटलेला बोक्याचा गुलाबी तळवा दिसला. स्विच बंद करून मी दाराला हिसके देऊ लागले, पण वीज तोडली तरी अनेक मशीनचे लॉक सुटायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि पाणी दाराच्या पातळीपर्यंत चढले असेल तर आधी ते खालच्या छोट्या झाकणाआडून काढावे लागते. आमच्याकडे पाणी नुकतेच येऊ लागले होते, म्हणून निभावले. टक् असा आवाज होताच बोका निसटला आणि देव्हाऱ्यामागे जाऊन बसला.

असे मांजर धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण फुप्फुसात शिरलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, आणि अंगावरचा डिटर्जंट ते चाटून पोटात घेते. तेव्हापासून मी कोपरापर्यंत हात घालून ड्रमची मागची बाजू चाचपते, बोका कुठे आहे ते डोळ्यांनी पाहते आणि मगच दार लावते. चाइल्ड लॉकवर विसंबणाऱ्यांचे मला नवल वाटते. ते बटणे अडवते, मांजर अडवत नाही.

हाकेला ओ दिली नाही म्हणजे मांजर घरात नाही, हा निष्कर्षही उतावळेपणाचा आहे. घाबरलेले मांजर अडकल्या जागी गप्प बसून राहते. दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या शेजारची मनी नाहीशी झाली, सारी सोसायटी पालथी घातली गेली, आणि दीड दिवसाने ती त्यांच्याच पलंगाच्या पेटीत गाद्यांच्या मध्ये सापडली. रात्री पंखे बंद करून, प्रत्येक कपाट व माळा उघडून टॉर्चने पाहावे. अंधारात डोळे चमकतात. भूक लागली की येईल, असे म्हणत थांबू नये, कारण दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाने, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडू शकते.

नवखे लोक महागडी खेळणी आणतात, पण फ्रिजमागची फट तशीच ठेवतात. डोके शिरले की बहुधा अंगही शिरते.

रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आणि पायांची फळी वर येणारी खुर्ची, बंद करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे.

पावसाळ्यात गाडी काढताना बॉनेटवर थाप मारून लगेच चावी फिरवू नये. बॉनेट उघडून पाहावे, कारण भेदरलेले पिल्लू थाप ऐकून बाहेर येण्याऐवजी आणखी आत सरकते.