रिटायरमेंटनंतर घरचं छोटं वर्कशॉप

मित्रांनो, रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीच लेथ (धातूचा पीस फिरवून कापायचं मशीन) बघायला लागा, पगार चालू असतो तेव्हा बरं पडतं. साडेचार फुटी जुना लेथ पुष्कळ झाला, राजकोट किंवा पंजाबातल्या बटाल्याचा चालेल, पण रंग बघून भुलू नका. सॅडल (बेडवर, म्हणजे लेथच्या लांब रुळांवर, सरकणारा हत्याराचा भाग) चकजवळ, म्हणजे पीस पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ आणा, गिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) नीट टाइट करा आणि हळूहळू दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्या, पुढे जाऊन जाम व्हायला लागलं की समजायचं चकजवळचा बेड झिजलाय, मग किंमत पाडून मागा नाहीतर सोडून द्या.

घरात थ्री फेज नसेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावा, मोटरच्या नेमप्लेटवर २३०/४१५ असेल तर मोटरचं कनेक्शन डेल्टात (वाइंडिंग त्रिकोणात जोडून) करून घ्यायचं, अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

लेव्हलिंगला गवंड्याची पाणसळ अजिबात नको, मीटरला ०.०२ मिमीचा फरक दाखवणारी मशीन लेव्हल कुणाकडून तरी मागून आणा, लेथच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घाला आणि आठवड्याने परत चेक करा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं, सहा इंचाचा पीस टेपर (एका टोकाला बारीक) यायचा. पावसाळ्यात रोज संध्याकाळी बेडला तेलाचा हात फिरवाच. आणि हातमोजे घालून लेथ कधीच चालवू नका, प्लीज.