लोक दचकतात, पण घाबरत नाहीत? भयपटाचा ट्रेलर कापताना या चुका टाळा

शॉर्टफिल्म किंवा वेबसिरीज करणाऱ्या मंडळींची भयपटाच्या ट्रेलरबद्दल तक्रार बहुतेक एकच असते: "शूट मस्त झालंय, भूतही जमलंय, पण ट्रेलर अंगावर येत नाही." मग उपाय म्हणून आणखी एक किंकाळी, आणखी एक काळा फ्लॅश आणि पार्श्वसंगीताचा आणखी एक थर चढवला जातो. दुखणं नेमकं तिथेच असतं. बघणाऱ्याला घाबरवायचं तर त्याला ताटकळत ठेवावं लागतं, आणि ताटकळत ठेवायला एडिटरकडे धीर लागतो.

आवाज कायम वरच्या पट्टीत

ट्रेलर चालवण्याआधी टाइमलाइनवरची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, नुसती बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जाड पट्टा दिसत असेल तर निदान झालं.

अमेरिकेतल्या थिएटरांत लागणाऱ्या ट्रेलरच्या आवाजाला ८५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती एखाद्या क्षणाची नाही, पूर्ण ट्रेलरच्या सरासरीची आहे. म्हणून तिथले एडिटर हिशोबी असतात. शांत सेकंद साठवत जातात आणि एका फटक्यात उधळतात. यूट्यूबचा हिशोबही याच धाटणीचा. सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) वर गेली की अख्ख्या व्हिडिओचा आवाज खाली ओढला जातो. तुम्ही दोन मिनिटं ढोल बडवलात तर ज्या किंकाळीवर सगळी भिस्त होती तीही त्याच प्रमाणात बारीक होते.

हादऱ्याच्या आधी दीड-दोन सेकंद संगीत पूर्ण काढून टाका. मात्र आवाजाचा ट्रॅक कोरा ठेवू नका. कोऱ्या ट्रॅकवर बघणाऱ्याला वाटतं नेट अडकलं, आणि तो फोन हलवून बघतो. खोलीचा स्वतःचा आवाज राहू द्या: पंख्याची घरघर, नळाची टिपटिप, रातकिडे. रातकिड्यांचा तर फार उपयोग होतो. माणूस जवळ आला की ते गप्प होतात, त्यामुळे चालू असलेली किरकिर मध्येच तुटली की कोणीतरी जवळ आलंय हे वेगळं दाखवावं लागत नाही. कोकणात राहिलेल्या प्रेक्षकाला तर नाहीच.

दुसरी गोम खर्जाची. एडिटिंगच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर छाती हलवणारा खालचा सूर फोनवर ऐकूच येत नाही, कारण फोनच्या स्पीकरला तेवढा खर्ज झेपत नाही. त्या सुराला थोडं सॅच्युरेशन (सूर किंचित फाटवणारा परिणाम) द्या म्हणजे वरचे स्वरही उमटतील, किंवा त्याच्याबरोबर धातूवर गज घासल्यासारखा एखादा चिरका थर ठेवा. आणि अंतिम मिक्स स्वस्तातल्या फोनवर ऐकल्याशिवाय पाठवू नका.

शांतता, कुजबुज, धडाम

हा क्रम आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. आवाज गेला की ती कानांवर हात ठेवतात. ट्रेलरमध्ये सिनेमाचं नाव झळकून गेल्यावर येणारा शेवटचा हादरा तर इतका ठरलेला झालाय की लोक तेवढ्यापुरता आवाज कमी करून बसतात.

२०१८ मध्ये 'द नन'च्या जाहिरातीने याच सवयीवर डाव टाकला. पडद्यावर आवाजाचं चिन्ह दिसायचं, ते आपोआप कमी होत शून्यावर यायचं, आणि मग ननचा चेहरा किंकाळीसह समोर. तक्रारी आल्या आणि यूट्यूबने ती जाहिरात काढून टाकली. युक्ती म्हणून हुशार, यात वाद नाही. पण असा दचका काही सेकंदांत ओसरतो आणि मागे राग उरतो. तिकीट काढायला राग कामाचा नाही.

यावर उपाय १९४२ पासून उपलब्ध आहे. 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते, मागे पावलांचा आवाज. मग पावलं थांबतात. ती मागे बघते, आपणही मागेच बघतो, आणि भस्सकन आवाज करत बाजूने फ्रेममध्ये घुसते ती बस. एसटीचा एअर ब्रेक कानाशी ऐकलेल्याला हे फार समजवायला नको. एडिटर मार्क रॉबसनने हा कट केला आणि ती युक्ती पुढे निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून 'ल्यूटन बस' म्हणून ओळखली गेली. धोका डावीकडे आहे अशी खात्री पटवा आणि आवाज उजवीकडून आणा. शांततेनंतर ठरलेल्या ठोक्यावर काहीच येऊ देऊ नका. तो ठोका रिकामा गेला, बघणाऱ्याने श्वास सोडला, की मग.

कॅमेरा उगाच थरथरवणं

हातातला कॅमेरा, तिरकी फ्रेम, सेकंदाला दोन कट. हे सगळं एकदम वापरलं की जागाच कळत नाही, आणि दार कुठे आहे हे माहीत नसेल तर दारामागच्याची भीती कशी वाटणार? आधी एक स्थिर, रुंद शॉट द्या. पात्र एका कडेला, बाकी फ्रेम रिकामी. बघणारा त्या रिकाम्या जागेत आपणहून काहीतरी शोधू लागतो. तिथे तुम्ही काहीही ठेवलेलं नसलं तरी चालतं.

'द शायनिंग'चा १९८० चा टीझर अजून कोणी पाहिला नसेल तर आज बघा. एकच शॉट. कॅमेरा जागचा हलत नाही. हॉटेलातल्या लिफ्टची लाल दारं, खालून वर सरकणारी नावं, चढत जाणारं संगीत. बराच वेळ काहीही होत नाही. मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा संथपणे येतो, खुर्च्या तरंगतात, आणि लाट थेट कॅमेऱ्यावर. एकही कट नाही, एकही नट नाही, कथेतलं एक वाक्य नाही. आजचा निर्माता हा टीझर बघून "पुढे काय?" म्हणून विचारेल. त्याला सांगायचं, तेच तर हवंय.

भूत दाखवायचंच असेल तर दहा-बारा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, पुरे. ट्रेलरवर लोक हसत असतील तर बहुतेक वेळा दोष मेकअपचा नसतो, शॉट लांबलेला असतो. किंचाळणाऱ्या क्लोजअपचंही तसंच: तोंड पूर्ण उघडायच्या आत कापा.

सगळी गोष्ट सांगून टाकणं

शाप कोणाचा, वाडा कोणाचा, मुलगी कोणाची, हे ट्रेलरमध्ये कळायची गरज नाही. १९७९ च्या 'एलियन'च्या ट्रेलरमध्ये संवादच नाहीत. तडकणारं अंडं, धावणारी माणसं आणि सायरनसारखा किंचाळणारा आवाज, बस्स. त्याआधी १९६० मध्ये 'सायको'साठी दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ सेटवर फिरून जागा दाखवत होता आणि ऐन मोक्याच्या वाक्याशी थांबत होता. शेवटी शॉवरचा पडदा ओढल्यावर जी बाई किंचाळते ती व्हेरा माइल्स. सिनेमात त्या शॉवरखाली जॅनेट ली आहे.

गाणं संथ करून लावणं

जुनं गाणं किंवा अंगाई धीम्या गतीत लावली की भीती तयार, असा एक समज आहे. २०१९ च्या 'अस' (Us) या भयपटाच्या ट्रेलरमध्ये हे जमलं त्याला कारण होतं. ते रॅप गाणं आधी कुटुंब गाडीत मजेत ऐकतं, आणि नंतर तेच विद्रूप होऊन परत येतं. ओळखीचं आधी प्रस्थापित केलं, मग मोडलं. पहिला भाग गाळून फक्त दुसरा उचलला तर उरते ती मंद चाल. शिवाय प्रसिद्ध गाण्याचे हक्क कोणाकडे तरी असतात आणि यूट्यूबची यंत्रणा ते चटकन ओळखते.

याहून स्वस्त आणि जास्त परिणामकारक वस्तू म्हणजे माणसाचा नुसता आवाज. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या '२८ इयर्स लेटर'च्या ट्रेलरवर संगीताच्या जोडीला किपलिंगची 'बूट्स' ही कविता आहे. किपलिंग म्हणजे आपल्या मुंबईतच १८६५ मध्ये जन्मलेला. कविता वाचलीय टेलर होम्स या नटाने, ध्वनिमुद्रण १९१५ चं. बुटांचा तोच शब्द पुन्हा पुन्हा, कवायतीच्या लयीत. सुरुवातीला कोरडं वाटणारं वाचन चढत चढत वेडसर होतं आणि शॉट त्या लयीवर पडत राहतात. झॉम्बींशी या शब्दांचा थेट संबंध नाही, तरी पाऊल पुढे पडतंच आहे ही जाणीव सोडत नाही.

आपल्याकडे या जातीचा माल काय कमी आहे? एखाद्या पोराला पावकी, निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) एकसुरात म्हणायला लावा आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून एकच आकडा चुकवा. जात्यावरची ओवी म्हणणारी आजी चालेल, फक्त तिला भीतिदायक म्हणायला सांगू नका. तिने नेहमीसारखीच म्हणावी.

अंधार म्हणजे काळं फासणं

रात्रीचे शॉट ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड ठरवताना, आणखी दाबले की अपलोडनंतर अंधारात चौकोन आणि पट्टे दिसू लागतात, आणि लोकलमध्ये उन्हात फोन धरलेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही. फ्रेममध्ये एक उजेड राहू द्या, कंदील, फ्रिजचं दार, काहीही. त्यावर हलकासा ग्रेन (फिल्मसारखे बारीक कण) टाका, आणि शक्य असेल तर व्हिडिओ ४के करून चढवा, कारण त्याला बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) जास्त मिळतो. थंबनेलवर मात्र भुताचा चेहरा लावू नका. दोन मिनिटं लपवलेलं सगळं तिथे फुकट जातं.